कागद मी वाचला होता

धीरज माझा सख्खा पुतण्या, पण दोन वर्षांत त्याने माझ्या ओटीवर पाय ठेवला नव्हता. माघाच्या मध्यावर एका सकाळी तो आला. हातात केळ्यांची फणी होती. म्हणाला, "काका, बोईसरला मेंदूचा अभ्यास चाललाय. साठीच्या पुढची माणसं घेतात. म्हातारपणात माणूस विसरतो कसा, ते यंत्रातून बघतात. तुमचं नाव देऊन आलोय."

मी पानवेली बांधायला केळीचं सोपट सोलत बसलो होतो. म्हटलं, "नाव देऊन आलास, मग विचारायला कशाला आलास?"

"विचारायला नाय आलो. कधी न्यायला येऊ ते सांगायला आलो. गुरुवारी."

तो गेल्यावर माझी बायको मंदा आतून आली. तिने फणीतली केळी एकेक दाबून पाहिली.

"केळी बरी हायत," ती म्हणाली. "याच्या मनात काय हाय?"

तेच मलाही कळत नव्हतं. कळत नव्हतं असं तरी कसं म्हणू? चांगलंच कळत होतं.

माझा मोठा भाऊ, आम्ही सगळे त्याला दादा म्हणायचो, तो जाऊन अकरा वर्षं झाली. धीरज त्याचाच मुलगा. दादाच्या वाडीच्या समुद्राकडच्या कोपऱ्यात एक कुडाचं घर आहे. ते रामूचं. रामू वारली समाजाचा; त्याने तीस वर्षं दादाच्या पानवेली सांभाळल्या. चौऱ्याऐंशी साली दादाने त्याला घरापुरती तीन गुंठे जागा दिली. रामू गेला, त्याचा मुलगाही गेला. आता तिथे रामूची सून मंगळी आपल्या दोन मुलींना घेऊन राहते. धीरजला वाडीत मुंबईच्या पाहुण्यांसाठी खोल्या बांधायच्या आहेत, आणि समुद्रावर जायची वाट मंगळीच्या अंगणातून जाते. म्हणून त्याने अर्ज केला, की हे घर म्हणजे अतिक्रमण आहे, काढून टाका.

कोळगावच्या महसूल कचेरीत तारखा सुरू झाल्या. दादाने जागा लिहून दिल्याचा साधा कागद होता, तो दोन हजार पाचच्या पुरात कुजून गेला, असं सगळेच सांगत. मंगळीच्या हातात काहीच नव्हतं. होतो तो मी. मी पहिल्या तारखेला लिहून दिलं होतं, की कागद माझ्यासमोर झाला, मी स्वतः तो वाचला, तीन गुंठे लिहिलेले होते आणि साक्षीदार म्हणून खाली मी सही केली. त्यावर सगळं उभं होतं. पुढची तारीख फाल्गुनात होती. आणि तीन आठवडे आधी माझ्या पुतण्याला माझ्या डोक्याची काळजी वाटू लागली होती.

संध्याकाळी मंगळी आली. तिला बातमी आधीच लागली होती.

"नाना, तू जाऊ नको," ती म्हणाली. "तिथं लिवून देतील तू येडा झालास म्हनून. मंग माजं घर गेलं."

"नाय गेलो तर तो म्हणेल, काका घाबरला. काहीतरी बिघडलंय म्हणूनच घाबरला."

"मंग?"

मंदा चुलीपाशी होती. ती म्हणाली, "जाऊ दे त्यांना. मी पण जाते बरोबर. पण एक करा. काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय कुठंच सही करू नका."

बोईसर स्टेशनकडून तारापूरच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला एक नवी इमारत आहे. खाली औषधाचं दुकान, वर यंत्र. आम्हाला एका मुलीने बसवलं. प्रतीक्षा तिचं नाव, तीस-बत्तीसची असेल. मुंबईच्या कोणत्या तरी संस्थेतून ती हा अभ्यास करत होती, पण वाढलेली बोईसरचीच. वडील ज्ञानेश बीडकडून इथे कारखान्यात आले आणि इथलेच झाले. हे तिने आपणहून सांगितलं. माणूस आपणहून इतकं सांगतो तेव्हा मी जरा सावरून बसतो.

तिने चार पानांचा कागद पुढे केला. "आजोबा, हे संमतीपत्र. मी वाचून दाखवू का?"

"नको. मी वाचतो."

मी वाचतो ते बोट ओळीखाली धरून, आणि ओठ हलवत. घाई केली की मागचं सुटतं. चार पानांना पाऊण तास लागला. धीरज दोनदा बाहेर जाऊन चहा पिऊन आला. प्रतीक्षा मात्र उठली नाही. तिसऱ्या पानावर मला हवं ते सापडलं. लिहिलं होतं, 'सहभागी व्यक्तीच्या विस्मरणाबाबत कुटुंबातील एका माहीतगार व्यक्तीची मुलाखत घेतली जाईल.'

"ही मुलाखत कोणाची?"

"तुमच्या पुतण्यांची. त्यांनी फोनवर थोडं सांगितलंय. बाकीचं आज घेणार."

मी धीरजकडे पाहिलं. तो छताच्या पंख्याकडे बघत होता.

"काय सांगितलं याने?"

"ते मला सांगता येणार नाही, आजोबा."

"मग ते खोडा. दोन वर्षं हा माझ्या घरी आला नाही, मी काय विसरतो ते याला कसं कळेल? माहीतगार पाहिजे तर ही बसली हाय. बावन्न वर्षं बघतेय मला."

प्रतीक्षाने क्षणभर विचार केला आणि पुतण्याचं नाव खोडलं. तिथे मंदाचं लिहिलं. मला वाटलं, जिंकलो. मग मंदाला शेजारच्या खोलीत नेलं. मधली भिंत लाकडी फळीची होती, आणि मंदाला हळू बोलता येत नाही.

"विसरतात का म्हणजे? पंप चालू ठेवून जेवायला येतात. दोनदा झालं. अख्खी वाडी चिखल. नातीला बहिणीच्या नावाने हाक मारतात. चष्मा डोक्यावर, आणि घरभर शोध. नाय नाय, पैसे नाय विसरत. आणि कोणी कधी काय बोललं ते तर मुळीच नाय विसरत. माझ्या भावाने लग्नात काय बोललेलं ते अजून ऐकवतात."

धीरज माझ्याशेजारी बसून ऐकत होता. हसला नाही, हे मला जास्त खटकलं.

मग माझी पाळी आली. प्रतीक्षाने तारीख, वार, जिल्हा विचारला. पाच शब्द सांगून थोड्या वेळाने परत विचारले. चार आले. घड्याळ काढायला लावलं. शेवटी म्हणाली, "शिक्षण किती?"

"शाळा नाही. साक्षरतेच्या वर्गात दोन हिवाळे बसलो, शाळेच्या पडवीत."

"म्हणजे वाचायला कितव्या वर्षी शिकलात?"

"पन्नासाव्या."

तिने लिहून घेतलं. "हे महत्त्वाचं असतं," ती म्हणाली. "शाळेत गेलेल्यांसाठी केलेल्या चाचणीत शाळेत न गेलेला माणूस उगाच मागे पडतो. त्याला आजारी म्हणता येत नाही. म्हणून गुण वेगळे धरतो." हे मला बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून पुन्हा संशय आला.

यंत्रात जायच्या आधी अंगावरचं सगळं धातूचं काढायचं असतं. चष्मा, अंगठी, घड्याळ दिलं; चष्म्याऐवजी तिथला प्लास्टिकचा मिळाला. तिथला कामगार म्हणाला, "चाचा, कमर में क्या है?"

कमरेला चांदीचा करदोडा होता. आमच्यात पुरुषाच्या कमरेचा करदोडा मेल्यावरच उतरवतात. हे मी त्या माणसाला कसं सांगणार? मी म्हटलं, नाही काढणार. त्याने प्रतीक्षाला बोलावलं. तिला सांगावं लागलंच नाही. तिने पांढऱ्या बँडेजची लांब पट्टी फाडली आणि पाठ वळवून माझ्या हातात दिली.

"आधी ही बांधा, मग तो सोडा. माझ्या आजोबांनाही असंच करावं लागलं होतं. त्यांचं नाव चंद्रभान. ते तर म्हणाले, यंत्रात नाही, तुम्ही मला सरणावर घालताय."

यंत्र म्हणजे पांढरी मोठी विहीर, आडवी पाडलेली. त्यात मला सरकवलं. डोक्याभोवती पिंजरा, कानांवर आवाजाच्या टोप्या, हातात एक बटण. बोल्ट ढिला झालेला पंप कानाशी लावावा असा आवाज सुरू झाला. कामगार आधीच बजावून गेला होता, "चाचा, हिलना मत." आधी त्यांनी डोळ्यांपुढच्या आरशात चेहरे आणि नावं दाखवली आणि परत विचारली. त्यात मी बरेच चुकलो असणार. आमच्याकडे इतकी अनोळखी माणसं एकदम भेटत नाहीत.

मग प्रतीक्षाचा आवाज आला. "आजोबा, आता मी एकेक शब्द सांगेन. त्यावरून आयुष्यातला एक खरा प्रसंग आठवायचा. आठवला की बटण दाबा, आणि मी पुढचं सांगेपर्यंत तो प्रसंग डोळ्यांपुढे धरून ठेवा. काय आठवलं ते मला सांगायचं नाही."

लग्न, असा शब्द आला. बटण दाबलं. बाजार. दाबलं. होडी. दाबलं. मग आला शब्द, 'कागद'.

बटणावरचं बोट मी थांबवलं. धीरजने घातला हा शब्द. वीस-पंचवीस शब्दांत हळूच सरकवला, म्हणजे मी गडबडलो की यंत्रात दिसेल. पण मी गडबडणार नव्हतो. मला तो दिवस लख्ख आठवत होता. मी बटण दाबलं आणि त्या दिवसाकडे नीट बघत पडलो.

दादाची ओटी. सकाळचं ऊन. दादा कागद माझ्याकडे देतो. मी गुडघ्यावर ठेवतो. 'रामू' असं पहिल्या ओळीत आहे, र-ला काना. माझं बोट ओळीखाली सरकतंय. ओठ हलताहेत. 'तीन गुंठे'. ते जोडाक्षर नसूनही मला जड जातं, म्हणून मी तिथे थांबतो...

बोट ओळीखाली.

ते बोट धरायला मला पडवीतल्या वर्गात शिकवलं होतं. अठ्ठ्याण्णव साली. तासाभरापूर्वीच मी त्या मुलीला सांगितलं होतं, पन्नासाव्या वर्षी. घर बांधलं चौऱ्याऐंशीला. चौऱ्याऐंशीला मी छत्तीस वर्षांचा होतो आणि मला र आणि स यांतला फरक ठाऊक नव्हता. त्या कागदावर काय होतं हे मला वाचताच आलं नसतं. सही कशाने केली असती? मी तर सहीसुद्धा वर्गात शिकलो.

बाहेर यंत्र ठोकत होतं. पुढचे शब्द येत होते. मी एकालाही बटण दाबलं नाही.

बाहेर काढल्यावर मी पहिलं विचारलं, "कागद हा शब्द कोणी घातला?"

प्रतीक्षाने कपाटातून छापील पान काढून दाखवलं. चोवीस शब्द, वर मागच्या वर्षाची तारीख. सगळ्यांना तेच विचारतात. कागद अकरावा होता, विहीर बाराव्या नंबरावर.

"मग आता सांगा, माझं डोकं बिघडलंय का?"

"यातून एका माणसाचं काही सांगता येत नाही, आजोबा. कोणाला फोटोही देत नाही, पुतण्यांनाही नाही. साठ जण वयाने नुसते म्हातारे झालेले, साठ जण थोडं जास्त विसरणारे. दोन्हींची सरासरी काढून तुलना करतो." तिने कानाच्या वर बोट ठेवलं. "इथे आत खोलवर शेंगेएवढा एक भाग असतो. आठवताना त्याला रक्त जास्त लागतं. वय झालं की कपाळामागचा भाग त्याच्या मदतीला येतो, ते चांगलंच असतं. पण ज्यांचं विसरणं वाढायला लागलंय त्यांच्यात कधी कधी ही शेंग गरजेपेक्षा जास्त राबताना दिसते. का, ते आम्हालाही पुरतं माहीत नाही."

"आणि जे घडलंच नाही ते आठवलं तर? ते कोणत्या शेंगेत दिसतं?"

ती खुर्चीत मागे टेकली. "ते कोणालाही होतं. मलाही. आठवण पेटीत ठेवलेली नसते. दर वेळी आपण ती नव्याने मांडतो, आणि मांडताना आज जे ठाऊक आहे ते त्यात मिसळतं. त्याला आजार म्हणत नाहीत. पंप विसरता त्याचं मात्र डॉक्टरांना दाखवा. तेवढी चिठ्ठी मी देते."

परत येताना मंदा मागे झोपली. धीरज गाडी चालवत होता. पालघरच्या पुलावर तो म्हणाला, "काका, तिने सांगितलं का, रक्तात असतं का ते?"

"काय?"

"बाबांना झालं ते. शेवटी दीड वर्ष मला ओळखत नव्हते. मला वकील समजायचे. हात जोडायचे." तो रस्त्याकडेच बघत होता. "मी फोनवर तिला तेवढंच सांगितलं होतं. की यांच्या भावाला होतं. म्हणून यांना बघा."

हे खरं असेल असं मला वाटलं. मग वाटलं, फाल्गुनातली तारीख काही त्याने विसरलेली नाही.

पुढचे दोन आठवडे वाईट गेले. मी मंदाला विचारलं, तेव्हा तू होतीस का? ती माहेरी बाळंतपणाला गेली होती. कागद होता का नव्हता, दादाने वाचून दाखवला की नुसता तोंडी शब्द दिला, काही कळेना. जितकं आठवायला जाई तितकं बोट ओळीखाली जास्त स्वच्छ दिसे. दुसरं एक मात्र दिसत होतं. रामूच्या घराची मधली मेढ, छपराचा मुख्य खांब. ती मी दोन्ही हातांनी उभी धरली आहे आणि दादा पहारीने माती ठासतोय. पण आता माझा त्याच्यावरही भरवसा उरला नव्हता.

तारखेच्या आदल्या दिवशी मी मंगळीला बोलावून सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "तू वाचलास म्हनून सांगितलंस ना आदी?"

"हो."

"मंग तेच सांग."

"मला वाचता येत नव्हतं, मंगळे."

"ते सायबाला कुटं ठाव हाय?"

"मला ठाऊक हाय ना."

ती उठली. उंबऱ्यापाशी थांबून म्हणाली, "तू लिवा-वाचायला शिकलास तेच वाईट झालं, नाना. अंगठा राहिला असतास तर माजं घर राहिलं असतं."

मंदा चुलीशी बसून सगळं ऐकत होती. या वेळी तिने फक्त चुलीतलं लाकूड पुढे सारलं.

कोळगावला साहेबांनी माझा जुना जबाब वाचून दाखवला आणि विचारलं, "हे बरोबर आहे ना?"

"साहेब, त्यात एक खोटं हाय. मुद्दाम नव्हतं, पण खोटं हाय." आणि मी सांगून टाकलं. वर्गाचं साल, माझं वय, सगळं.

धीरजचा वकील लगेच उठला. "साहेब, साक्षीदार बोईसरला मेंदूची तपासणी करून आलेत. विस्मरणाची. त्यांच्या कुठल्याच बोलण्यावर..."

मी झटकन धीरजकडे वळलो. त्याने जोरात मान हलवली. "मी नाय सांगितलं, काका. शप्पत."

मागच्या बाकावरून मंदा बोलली, "तुमीच तर आपल्या गावात, माहीमच्या नाक्यावर आठ दिवस सांगत होतात, मी यंत्रात जाऊन आलो म्हणून. वकिलाची सासुरवाडी नाक्यावरच हाय."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. हसू त्यांनी मिशीत दाबलं असावं. "मग बळवंतराव, कागद होता की नव्हता?"

"ठाऊक नाय."

"ठाऊक काय आहे?"

"मेढ मी धरली होती. दादाने माती ठासली. जागा देणाऱ्याने पहिली मेढ आपल्या हाताने ठासायची आणि आपल्या वेलीच्या पानांचा विडा द्यायचा, असं आमच्याकडे होतं. त्याच्यावर मग कोणी बोलत नसे."

"हे नक्की?"

"महिन्यापूर्वी विचारलं असतंत तर नक्की म्हटलं असतं. कागदसुद्धा नक्कीच होता तेव्हा."

साहेबांनी पेन परत उचललं. मग म्हणाले, "तिथे आणखी कोण होतं?"

दोन वर्षांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. वाचणारा साक्षीदार मिळाला होता, दुसरं माणूस कशाला शोधायचं? मंगळीच्या बाजूनेही नाही, धीरजच्या बाजूनेही नाही. मी म्हटलं, "ठकी असणार. ती दादाच्या वाडीत पानांच्या कवळ्या, म्हणजे जुड्या, बांधायला यायची. आता केळव्याला लेकीकडे असते."

पुढची तारीख पडली.

ठकी ऐंशीच्या वर. डोळ्यांना कमी दिसतं, पण आवाजावरून मला ओळखलं. मी आणि मंगळी तिच्या लेकीच्या पडवीत बसलो. मी फक्त एवढंच विचारलं, "ठके, रामूचं घर उभं राहिलं तो दिवस तुला आठवतो?"

"न आठवायला काय? मटणाचा वास अजून येतोय." ती बोळक्या तोंडाने हसली. "दादाने पहार मारली. घामाने निथळला. मंग रामूच्या हातात विडा दिला, म्हनला, पोराबाळांनी राह्यचं. रामू रडला."

"कागद होता?"

"कागूद? कसला कागूद? मना नाय ठाव."

"आणि मेढ कोणी धरली होती?"

"रामूनेच धरली. घर त्याचं ना."

"मी नव्हतो?"

"तू?" तिने माझ्या आवाजाच्या दिशेने तोंड वळवलं. "तू तर माडावर. शहाळी पाडत होतास. एक पडलं माज्या टोपल्यात, पानं नासली. शिव्या दिल्या मी तुला."

मंगळीने माझी बाही ओढली आणि मला अंगणात नेलं.

"नाना, तिला सांग तू खाली होतास. एकदा सांगितलंस की धरून ठेवंल. दोघांचं एक व्हायला पायजे ना सायबापुढं?"

तिचं म्हणणं साधं होतं आणि तिचं घर जात होतं. ठकीही ऐकणारी होती. मी दोनदा तिच्यासमोर म्हटलं असतं, की अगं मी मेढ धरली होती, तर तारखेपर्यंत तिला मीच मेढेपाशी दिसलो असतो. तिने शपथेवर सांगितलं असतं आणि ते खोटं आहे हे तिला कधी कळलंही नसतं. माझ्या डोक्यात ते बोट कसं शिरलं असेल, ते मला त्या अंगणात उमगलं.

"मी तिला काय सांगणार नाय," मी म्हटलं. "तूही सांगू नको. तारखेपर्यंत तिच्याकडे येऊ पण नको."

"आणि घर गेलं तर?"

ती एकटीच चालत रिक्षापर्यंत गेली. मी मागून गेलो.

तारखेला ठकीला खुर्चीवर बसवून आत आणलं. तिने सगळं जसंच्या तसं सांगितलं, मटणासकट. वकील म्हणाला, "साहेब, एक साक्षीदार म्हणतो मी मेढ धरली, दुसरी म्हणते हा झाडावर होता. दोन माणसं, दोन गोष्टी."

साहेबांनी मला विचारलं, "तुम्ही झाडावर होतात का?"

"ती म्हणते तर असेन. मला मी खाली दिसतो."

"आणि पहार?"

"दादाच्या हातात."

त्यांनी ठकीकडे पाहिलं. ती ऐकू येईल इतक्या मोठ्याने म्हणाली, "आता एकदा सांगितलं ना, दादाच्या हातात."

साहेब वकिलाला म्हणाले, "बाकी सगळं वेगळं सांगताहेत. म्हणजे एकमेकांना विचारून आलेले दिसत नाहीत. पहार मात्र दोघांच्या सांगण्यात एकाच माणसाच्या हातात आहे." मग ते धीरजकडे वळले. "तुमच्या वडिलांच्या. तुम्हाला यावर काही सांगायचंय?"

धीरज उभा राहिला. त्याने ठकीकडे पाहिलं. मग म्हणाला, "नाय, साहेब," आणि बसला. वकिलाने त्याच्या कानाला लागून काहीतरी म्हटलं, पण तो पुन्हा उठला नाही.

महिन्याने हुकूम आला. घर मालकाच्या परवानगीने उभं राहिलेलं आहे, ते अतिक्रमण म्हणून काढता येणार नाही. जागा कोणाच्या नावावर लागायची, ते दिवाणी कोर्टात ठरेल. म्हणजे घर राहिलं, तीन गुंठे अधांतरीच राहिले. धीरज कोर्टात जाणार की नाही ते मला ठाऊक नाही. तो बोलत नाही. डॉक्टरांकडे मात्र मला त्यानेच नेलं. त्यांनी गोळ्या दिल्या नाहीत. सहा महिन्यांनी परत या म्हणाले, आणि पंपाला आपोआप बंद होणारं बटण बसवा म्हणाले.

मंगळी हुकूम घेऊन आली तेव्हा मी वेली बांधत होतो. तिने तो मला वाचायला दिला. मी बोट धरून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवला. ती उभ्यानेच ऐकत होती. संपल्यावर कागद घडी करून कमरेला खोचला.

"नाना, आता खरं सांग. माडावर होतास का खाली?"

"मला दोन्ही दिसतंय आता," मी म्हटलं. "ठकीने सांगितल्यापासून वरूनही दिसतंय. टोपलीसुद्धा दिसते."

ती माझ्याकडे बघत राहिली. तिचा अजून माझ्यावर विश्वास बसला नव्हता.

"मंग कोर्टात बोलावलं तर तू गप बस," ती म्हणाली. "ठकीला बोलू दे."